मेणवलीची घंटा आणि दोन लेन्स

वाईजवळच्या मेणवलीच्या फोटोंच्या कामाला निघताना मोठ्या फिल्म-कॅमेऱ्याच्या पेटीत दोन लेन्स होत्या, दोन्ही १५० मिमीच्या. एक श्नायडरची मल्टिकोटेड सिम्मार-एस, म्हणजे काचेवर परावर्तन रोखणारे थर दिलेली. दुसरी झाइसची टेसार, युद्धाआधीची, कोटिंग नसलेली. सांगलीतला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी ती घेतली होती.

आधी मेणवलेश्वराचं शिखर घेतलं. कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवली की टेसारचे कोपरे काळे पडतात, कारण ती पाडते ते प्रतिमेचं वर्तुळ ४×५ इंची फिल्मला जेमतेम पुरतं. सिम्मारचं एफ/२२ ला, म्हणजे लेन्सचं भोक बारीक केल्यावर, २१० मिमी आहे. तिथे प्रश्नच नव्हता.

मग घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आलेली ही पोर्तुगीज घंटा, अंगावर मेरी आणि बाळ येशू, दगडी मंडपात टांगलेली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मंडपाच्या छताशी मिट्ट काळोख. काळं कापड डोक्यावर घेऊन ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या प्रतिमा दाखवणाऱ्या खरबरीत काचेवर, पाहिलं तर टेसारमधून सगळ्यावर दुधाळ साय धरल्यासारखी दिसत होती. मन खट्टू झालं. तरी फिल्म-होल्डरच्या एका बाजूची एफपी४ फिल्म सिम्मारने, दुसऱ्या बाजूची टेसारने घेतली. दोन्ही एफ/२२, एक सेकंद. टेसारचं जुनं शटर एका सेकंदाला रेंगाळतं, म्हणून 'बी'वर, म्हणजे दाबून धरू तितका वेळ उघडं राहील असं, ठेवून घड्याळाकडे बघत सोडलं.

रात्री दोन्ही शीट एकाच ट्रेमध्ये धुतल्या. सिम्मारच्या निगेटिव्हमध्ये मेरीच्या वस्त्राची चुणी न चुणी होती, पण छताच्या जागी काहीच न उमटलेली, काचेसारखी कोरी फिल्म. टेसारमध्ये कडा मऊ, आणि छताच्या दगडांचे सांधे चक्क मोजता येत होते! मी ती निगेटिव्ह कितीतरी वेळ दिव्यासमोर धरून उभी होते.

टेसारमध्ये काच आणि हवा सहा ठिकाणी भेटतात. कोटिंग नसेल तर दर ठिकाणी चारेक टक्के प्रकाश उलटतो. त्यातला काही आत घुटमळून फिल्मभर पसरतो, तीच ती साय. अंधाऱ्या भागाला एरवी फिल्म जागीच होत नाही. या पसरलेल्या उजेडाने तिला उंबरठ्यापर्यंत आणलं, मग दगडांकडून आलेला जरासा प्रकाशही उमटला. हे मी वाचलेलं होतं. हातात धरून पाहिलं त्या रात्री.

प्रिंट टेसारच्या निगेटिव्हवरून काढली, एक ग्रेड कडक, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणाऱ्या कागदावर. शिखराची सिम्मारवरून.