बुरशीच्या जिवावर

फाल्गुनातल्या दुपारी गॅलरीत टांगलेल्या सीतेच्या वेणीच्या, म्हणजे आपल्याकडच्या झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या, शेंगेला उभ्या चिरा पडलेल्या दिसल्या. बोट लावलं, तर पिवळट भुकटी भुर्रकन उडून चष्म्यावर बसली. भुकटी कसली, बियाच त्या! चष्मा पुसणं जिवावर आलं. पण दिसायला तर हवं, पुसला. सदऱ्याच्या टोकाबरोबर किती हजार वंशज गेले कोण जाणे.

डार्विनला असल्या हिशेबांची भारी हौस. तिकडच्या एका ऑर्किडच्या एकाच रोपाला १,८६,३०० बिया धरतात, असं त्यानं काढलं. सगळ्या रुजल्या तर त्या रोपाची पणतवंडं पृथ्वीवरची बहुतेक सगळी जमीन झाकून टाकतील म्हणे. तसं होत नाही, कारण या बीला आईनं शिदोरीच बांधून दिलेली नसते.

आजोळी अंगणातल्या आंब्यावर ही वेणी होती. पावसाळ्याआधी गडी कोयता घेऊन बांडगुळं उतरवायला चढला की आजी खळ्यातून ओरडायची, "अरे, तिला हात लावशील तर बघ! ती झाडाचं काही खात नाही." तिचे गुलाबी ठिपक्यांचे तुरे लोंबायला लागले की मामेबहिणींसाठी फांदीवर चढायचं काम माझ्याकडे. एक तुरा आधी देवाला, मग केसांना, हा आजीचा कायदा.

आजीचं खरंच होतं. वेणी झाडावर नुसती बसते. पण खाते ती दुसऱ्याच कोणाला तरी, हे आजीला कुठून ठाऊक असणार! बुरशीचे तंतू बीत शिरतात, पेशींत वेटोळी घालून बसतात, आणि बी ती वेटोळीच पचवून टाकते. हिरवं पान फुटेपर्यंत सगळा संसार बुरशीच्या जिवावर.

हे गुपित नोएल बेर्नार या फ्रेंच तरुणाला १८९९ साली लष्करी नोकरीत असताना उमगलं. जंगलातल्या पाचोळ्याखाली दबलेल्या शेंगेत त्याला रुजलेल्या बिया सापडल्या, आणि त्या सगळ्यांत बुरशी. १९११ साली गेलाही बिचारा, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतल्या नडसन या शास्त्रज्ञानं बुरशीला सुट्टीच दिली. बाटलीतल्या अगरमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीत, साखर घातली, बी रुजली. लग्नाच्या स्टेजवर मिरवणारी ऑर्किडं त्याच बाटलीतल्या रीतीची. सोय उत्तम, यश भरपूर, पण माझं मन काही तिथे रमत नाही.

कॉलेजात शिकवणाऱ्या एका मित्रानं मला जुन्या रीतीची एक बशी दिलीय. लिटरभर पाण्याला जेमतेम अडीच ग्रॅम ओट्स, अगर घालून थिजवलेले. त्यावर बुरशीचा तुकडा आणि भोवती बिया. एवढी पातळ पेज कशाला, म्हटलं. तर म्हणाला, पोटभर मिळालं की बुरशी माजते आणि बियांनाच गिळते. अर्धपोटी ठेवली तरच नांदते. भिंगातून पाहिलं तर काही बिया फुगून हिरवट झाल्यात, अंगावर बारीक पांढरी लव. बाकीच्या तशाच. या घरात कोण कोणाला पोसतंय आणि कोण कोणाला खातंय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक त्यांनाही नसावं.

शेजारच्या काकूंनी बशी उजेडात धरून पाहिली.

"फुलं कधी येणार?"

"पाच-सात वर्षं तरी धरा."

"मग तोवर शेवंती लाव."

लावली.