‘एम्प्लॉयी कोड’ नसलेल्यांसाठी: मुक्त विद्यापीठाच्या लायब्ररीचं लॉगिन

ठाण्यातल्या एका कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. तिथे मी रविवारी एमए समाजशास्त्राची संपर्क सत्रं घेते. एरवी नोकरी ऐरोलीच्या ज्युनिअर कॉलेजात. विद्यार्थ्यांना स्वाध्याय आणि प्रकल्पासाठी ताजे लेख सुचवायचे, तर ते आधी मला वाचायला मिळायला हवेत. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना खुली झाली. आमचं विद्यापीठही त्यात आहे. मला फक्त घरून वाचण्यासाठी लॉगिन हवं होतं.

फॉर्म ऑनलाइन. नाव, मोबाइल, फोटो, सगळं बिनबोभाट झालं. मग आला ‘प्रवर्ग’. पर्याय तीन: विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी. आम्ही कौन्सेलर म्हणजे सत्रामागे मानधन घेणारी माणसं, तिन्हीत बसत नाही. ‘प्राध्यापक’ निवडलं की खाली लाल चांदणी लावलेला रकाना उघडतो: एम्प्लॉयी कोड. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. ‘लागू नाही’ लिहिलं तर म्हणे फक्त अंक टाका. शून्यं टाकली तर ‘अवैध’.

केंद्राच्या कोऑर्डिनेटर सरांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, हे विभागीय केंद्राचं काम.” विभागीय केंद्रात फोन उचलणारे गृहस्थ म्हणाले, “लायब्ररीचं मुख्यालय बघतं.” मुख्यालयाचं उत्तर ईमेलने आलं, तेही एका ओळीचं: आपल्या अभ्यासकेंद्राशी संपर्क साधावा. म्हणजे फिरून भोपळे चौकात. बरं, प्रत्यक्ष जाऊन भेटावं तर हाफ डे टाकायचा, आणि टेबलावरची व्यक्ती नेमकी ‘मीटिंगमध्ये’. ज्यांच्या जिवावर रविवारचे वर्ग चालतात, त्यांच्यासाठी ड्रॉपडाउनमध्ये एक ओळ वाढवायला कुणाचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही. विद्यार्थ्याला प्रवेश घेतल्यावर लॉगिन मिळतं आणि त्याला शिकवणारीला मात्र नाही! एका विद्यार्थिनीने मला सहज विचारलं, “मॅडम, तुम्हाला माझ्या लॉगिनवरून उघडून देऊ का?” नको म्हटलं. ते नियमात बसत नाही, आणि चिडायलाही झालं होतं.

सुटका केली ती केंद्र ज्या कॉलेजात आहे, तिथल्या ग्रंथपाल बाईंनी, ज्यांचा या विद्यापीठाशी काडीचाही संबंध नाही. त्यांनी माझं मानधनाचं बिल मागितलं. वरच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात, माझ्या नावासमोर मंजुरी क्रमांक होता: आधी तीन अक्षरं, मग अंक. “अक्षरं गाळा, नुसते अंक टाका,” त्या म्हणाल्या. टाकले. फॉर्म गेला! सोबत नियुक्तीपत्र आणि कोऑर्डिनेटरचं लेटरहेडवरचं पत्र जोडलं. पत्रात विषय आणि ‘अमुक तारखेपर्यंत कार्यरत’ हे शब्द हवेतच, नाहीतर लॉगिनची मुदत ठरवता येत नाही म्हणून अर्ज परत येतो. माझ्या सहकाऱ्याचा आला होता. मंजुरीचा ईमेल ट्रान्स हार्बरच्या गाडीत, घणसोलीला आला. गर्दीत उभ्या उभ्या पहिला लेख उघडून पाहिला, म्हटलं खरंच उघडतोय ना.

लॉगिन करताना आधी संस्थांची लांबलचक यादी येते. तिथे विद्यापीठाचं नाव इंग्रजी स्पेलिंगने शोधा, लघुरूपाने सापडत नाही.

मधल्या काळात माझं काम अडलं नाही, ते फुकटात मिळणाऱ्या गोष्टींमुळे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधगंगा’वर पीएचडीचे प्रबंध पूर्ण वाचता येतात, प्रकल्पाचा विषय ठरवताना त्यातली संदर्भसूची सोन्यासारखी. इग्नूचं साहित्य ‘ईज्ञानकोश’वर आहे, दुसऱ्या विद्यापीठात शिकवत असलात तरी वाचा. मराठी संदर्भांसाठी १८९३ साली स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. फक्त रविवारी संपर्क सत्र आणि ग्रंथालय दोन्ही एका दमात करायचं ठरवलंत, तर मेगाब्लॉक आधी बघा.

हे आधीच सांगायला हवं होतं: तुमच्या केंद्राचं कॉलेज ‘एन-लिस्ट’चं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या इन्फ्लिबनेटच्याच योजनेचं, सभासद असेल, तर त्याचे युजर ग्रंथपालच नोंदवतात. आमच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं की ते कॉलेजच्याच लोकांसाठी आहे. तुम्ही त्याच कॉलेजात नोकरीलाही असाल, तर मुक्त विद्यापीठाच्या मागे लागण्याआधी तिथे विचारा.

लॉगिन मिळाल्यावर आनंदाच्या भरात एका बैठकीत अख्ख्या जर्नलचे सगळे अंक उतरवू नका. प्रकाशकांना ते दिसतं आणि प्रवेश बंद होतो, कधीकधी अख्ख्या संस्थेचाच. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकू नये. मी लिंक पाठवते, विद्यार्थी आपापल्या लॉगिनने उघडतात.

माझ्या लॉगिनची मुदत शैक्षणिक सत्रासोबत संपते. नूतनीकरणाच्या फॉर्मवरही प्रवर्ग तीनच आहेत, मी बघून ठेवलंय. बिलाची झेरॉक्स काढून ठेवली आहे.