दिवसभर हळू आवाजात ऐकता यावं म्हणून

नवे इअरबड्स घ्यायचे ठरले तेव्हा माझी मुख्य अट एकच होती. रात्री घरात सामसूम झाल्यावर फोनचा आवाज मी जिथे ठेवते, तेवढ्याच आवाजात ऑफिसातही गाणं नीट ऐकू आलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

मी भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये प्रेस टूल्सचं, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या साच्यांचं, डिझाइन करते. आमची खोली शॉपफ्लोअरच्या वर आहे. खाली धातू कापणारी व्हीएमसी मशीनं, पॉवर प्रेस, मागच्या भिंतीला कॉम्प्रेसर. काचा बंद असल्या तरी कॉम्प्रेसरची घरघर आणि एसीचा आवाज दिवसभर चालूच. स्ट्रिप लेआउट, म्हणजे पत्र्याच्या पट्टीवरची मांडणी, लावताना, डायचे डिटेल्स काढताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मोकळे. म्हणून ऐकते. सकाळी एखादा विलंबित ख्याल, जेवणानंतर नाट्यसंगीत, मध्येच आकाशवाणीच्या बातम्या. हे ऐकणं गेलं तर माझा दिवस खरंच कोरडा जाईल.

आवाजाबाबत मी इतकी काटेकोर आहे ती बाबांमुळे. त्यांची सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये गेली. कानात कापसाचा बोळा, तोही कधीकधी. आता त्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाहीत. गोंगाटाने कान जातात ते आधी उंच पट्टीकडून, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास, आणि स, श, फ, त ही व्यंजनं तिथल्याच भागात किंवा त्याच्याही वर असतात. भाजीवाला 'साठ' म्हणतो, बाबांना 'आठ' ऐकू येतं. कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या ज्या केसपेशी मरतात त्या माणसाला परत येत नाहीत. बाबांना पर्याय नव्हता. मला आहे, म्हणून तो मी वापरणार.

सुरक्षित ऐकण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सोपा आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०. माझ्यासारखं कामाच्या वेळात रोज ऐकणाऱ्याचा आठवडा ४० तासांच्या जवळ सहज जातो, म्हणजे वर चढायला जागाच नाही. आणि आपण आवाज वाढवतो ते हौसेने नाही, भोवतालच्या गोंगाटावर मात करायला. तेव्हा आधी तो गोंगाट कमी व्हायला हवा.

इथे दुकानात फार गोंधळ होतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'ईएनसी' छापलेलं असतं आणि विक्रेताही 'नॉइज कॅन्सलेशन आहे की मॅडम' म्हणतो. ईएनसी माइकसाठी असतं. फोनवर समोरच्याला तुमच्या भोवतीचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याला हवं ते एएनसी. त्यात माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि बड त्याची उलटी लहर सोडतो. कॉम्प्रेसर, एसी, पंखा, बसचं इंजिन अशा एकसुरी, खालच्या आवाजांवर ते छान चालतं. शेजारच्या टेबलावरच्या गप्पांवर कमी, आणि प्रेसच्या दणक्यावर जवळजवळ नाहीच. खोक्यावरचा '३२ डीबी' किंवा '५० डीबी' हा आकडाही काही ठरावीक पट्ट्यातला कमाल आकडा असतो, सगळ्या आवाजाला लागू नाही.

म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगते. एएनसी बड्स म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे. मी खाली शॉपफ्लोअरवर जाते तेव्हा बड्स चार्जिंगच्या डबीत आणि कानात, आवाज किती कमी होतो त्याचं रेटिंग असलेले फोमचे प्लग. प्रेसवर साच्याच्या ट्रायलला उभं राहायचं असेल तर वरून कान झाकणारे मफही. आमच्याकडची नवी मुलं बड्स घालून प्रेसजवळ उभी राहतात, त्यांना मी प्रत्येक वेळी हटकते. क्रेनचा भोंगा ऐकू आला नाही तर काय होईल, हा वेगळाच प्रश्न.

आता बड कानात बसण्याबद्दल, कारण एएनसीचं निम्मं काम रबरी टिप करते. टिप घट्ट बसली नाही तर खर्ज गायब होतो, तानपुरा पातळ वाटतो, आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. माझ्या दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागतं: उजव्याला मध्यम, डाव्याला लहान. बरेच जण कंपनीतून बसवून आलेली जोडीच कायम वापरतात, उरलेल्या टिप्स खोक्यातच राहतात. दोन्ही बड्स घालून तोंड मिटून गुणगुणून बघा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बसलंय, एका बाजूने कमी घुमला तर त्या बाजूचं माप बदला. आणि स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्या माझ्यासारख्या बायकांसाठी: बड्स स्कार्फ बांधायच्या आधी डबीत. लांब दांडीचा बड स्कार्फ सोडताना हमखास ओढला जातो. गाडी चालवताना तर ते कानात नकोतच.

दुकानात कानात घालून बघता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी ऑफिसातल्या दोघांचे बड्स थोडा थोडा वेळ मागून घेतले, टिप्स नव्या लावून, आणि माझ्या टेबलावर, कॉम्प्रेसर चालू असताना, माझंच गाणं लावून पाहिलं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चार दुकानं फिरण्यापेक्षा यातून जास्त कळलं.

एलडॅकबद्दल बरीच चर्चा वाचली. सोनीचं हे कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत, ९९० केबीपीएसपर्यंत जातं, अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर नाही. पण मी ऐकते त्यातलं कितीतरी रेकॉर्डिंग जुनं आहे. केसरबाई केरकरांची ७८ आरपीएमची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, खरखर धरून. मुळात टिपलं गेलेलंच नाही ते कोणतंही कोडेक आणून देणार नाही. शिवाय एलडॅकने बॅटरी लवकर उतरते. मी एएसी या नेहमीच्या कोडेकवर समाधानी आहे.

मीटिंगची एक युक्ती मात्र सांगितलीच पाहिजे. बड्सचा माइक चालू झाला की लॅपटॉपवर आवाज एकदम डबड्यातून आल्यासारखा होतो, कारण जुन्या ब्लूटूथमध्ये चांगला आवाज आणि माइक एकत्र चालत नाहीत. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा आणि स्पीकर बड्सचा निवडला की बहुतेक वेळा हा प्रश्न सुटतो.

आधीच्या जोडीचा डावा बड तासाभरात मान टाकायला लागला होता. प्रत्येक बडमध्ये इवलीशी लिथियम बॅटरी असते, आणि साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर तिची ताकद घटलेली जाणवते. तपकीर गल्लीतल्या कारागिराने बड हातात घेऊन परत दिला: चिकटवलेला आहे, उघडला तर फुटेल. फेअरफोन या डच कंपनीने २०२४ मध्ये युरोपात बॅटरी बदलता येणारे बड्स आणले. म्हणजे करता येतं. इतरांनीही करावं असं मला मनापासून वाटतं. तुमचा एक बड फक्त हळू वाजत असेल, तर मात्र नवीन घेण्याआधी जाळी बघा. मळ साचलेला असतो, कोरड्या मऊ ब्रशने निघतो.

शेवटी मी सीएमएफ बड्स प्रो २ घेतले. बसतात छान, फोन आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडता येतात, आणि माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे डबीवर फिरणारं बटण आहे. टेबलावर डबी ठेवायची, बोटाने आवाज किंचित कमी करायचा, ड्रॉइंगवरून नजरही हटवावी लागत नाही. पाच हजारांच्या आत मला याहून जास्त नको होतं. जुनी जोडी ई-कचऱ्याच्या केंद्रात देणार आहे. घंटागाडीत टाकू नका, लिथियमची बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते.

तुमच्याकडे पॉवर प्रेसजवळच्या ऑफिसात बसणारं कोणी असेल तर तुमचे अनुभव लिहा. विशेषतः फोमच्या टिप्स पावसाळ्यात कशा टिकतात ते मला हवं आहे. दमट हवेत कान सतत बंद ठेवले की बुरशीचा त्रास होऊ शकतो, म्हणून मी दर तासाला दोन्ही बड्स काढून ठेवते आणि रोज टिप्स धुऊन पूर्ण वाळवते.