शीथ गळतंय

फोन आला तेव्हा मी वापी स्टेशनवर घरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. मुंबईचा आमचा सेल्सचा मुलगा. नमस्कार नाही, काही नाही. "सर, परत तेच. शीथ गळतंय."

त्या हॉस्पिटलची दीड महिन्यातली ही पाचवी तक्रार. आमच्या कारखान्यातला तोच माल इतर ठिकाणीही जात होता, पण बाकी कुठून चकार शब्द नव्हता. आधीची चार शीथं मी परत मागवली होती, निर्जंतुक करून टेस्ट बेंचवर चढवली होती. आयएसओ 11070 या मानकाप्रमाणे 38 किलोपास्कल दाब, 30 सेकंद. म्हणजे पाऱ्याच्या भाषेत 285 मिलिमीटर; एवढं बीपी घेऊन कोणी टेबलावर येत नाही. चारही पास झाली होती. फाइलमध्ये चार वेळा मी "दोष आढळला नाही" असं लिहिलं होतं. आमच्या धंद्यात या वाक्याचा खरा अर्थ, वापरणाऱ्यानेच काहीतरी वेडंवाकडं केलं असणार. पाचव्यांदा तेच लिहायची मला लाज वाटली. म्हटलं, सोमवारी मीच येतो.

शीथ म्हणजे काय ते सांगतो. अँजिओग्राफीला धमनीत आधी सुई जाते, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी, म्हणजे कॅथेटर. ही युक्ती स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश रेडिओलॉजिस्टची, 1953 सालची, आणि अजून रोज वापरली जाते. तेव्हा कॅथेटर थेट तारेवरून धमनीत जायचा आणि तो बदलताना जखमेवर बोट दाबून धरावं लागायचं. आता आधी एक आखूड नळकांडं धमनीत बसवून ठेवतात, कॅथेटर त्याच्यातून ये-जा करतात. हे नळकांडं म्हणजे शीथ. आमचं मांडीतल्या धमनीसाठीचं, 11 सेंटिमीटर लांब, 6 फ्रेंच मापाचं. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर, तेव्हा त्यातून 2 मिलिमीटर जाडीचा कॅथेटर जातो. शीथ आत सरकवताना त्याच्या पोटात एक निमुळती कडक दांडी असते, ती डायलेटर. शीथ बसलं की डायलेटर आणि तार काढून घेतात.

आणि मग त्या नळकांड्याच्या बाहेरच्या टोकाला रक्त अडवायला उरते ती झडप, म्हणजे सिलिकॉनची एक चकती, शर्टाच्या गुंडीएवढी. तिला चीर दिलेली असते. चिरेतून कॅथेटर जायला हवा, रक्त यायला नको. धमनीतला 120चा दाब म्हणजे पाण्याचं दीड मीटरहून उंच कारंजं. त्यात पेशंटला रक्त गोठू न देणारं हेपारिन दिलेलं, म्हणजे रक्त आपसूक गोठून थांबेल ही आशाही नाही. (शिरेतल्या शीथचं भय वेगळंच. तिथं पेशंटने खोल श्वास घेतला की झडप फटीतून हवा आत ओढते. रक्त निदान दिसतं तरी.)

शर्टाच्या काजात पेन्सिल खुपसून बघा. पेन्सिलीच्या दोन्ही अंगांना बारीक त्रिकोणी फट राहते. आमचं निम्मं आयुष्य त्या दोन फटींमागे जातं. म्हणून चीर सरळ आरपार देत नाहीत. वरच्या बाजूने जेमतेम निम्म्या जाडीपर्यंत एक उभी, खालच्या बाजूने तशीच दुसरी आडवी, आणि दोघींची गाठ फक्त मध्यावर. वरच्या चिरेची फट खालचं अखंड रबर झाकतं, खालचीची वरचं. चकती घट्ट केली तर रक्त थांबतं पण कॅथेटर अडखळतो, आणि टोकाला काय चाललंय ते डॉक्टरांच्या बोटांना कळेनासं होतं. सैल केली तर गळते. सिलिकॉन तेलाचं बोट लावावं लागतं, नाहीतर ताजी कापलेली चीर पडल्या पडल्या पुन्हा चिकटते. तेल जास्त झालं तर रबर ते पिऊन फुगतं. एवढ्याशा चकतीचे हे नखरे.

सोमवारी पावणेआठला कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, हजर झालो. शिशाचा एप्रन, गळ्याला कॉलर. बसायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, कोपरा सोडायचा नाही, एवढं सिस्टरने बजावलं. पंधराएक वर्षं तिथंच काढलेली, मूळची मालवणकडची. डॉक्टर मला बघून नुसते हसले. "आज गळणार नाही बघा. इंजिनिअर आला की गळत नाही."

तसंच झालं. पहिली केस मनगटातून झाली, तिचा माझ्याशी संबंध नव्हता. दुसरी मांडीतली. आमचं शीथ गेलं, डायलेटर निघाला, बाजूच्या नळीतून सलाइन मारलं, झडप कोरडी. कॅथेटर तीनदा बदलला, तरी कोरडी. मी मनात पाचव्या वेळचं वाक्य जुळवायला लागलो.

दहाच्या सुमारास गडबड झाली. कॅज्युअल्टीतून हार्ट अटॅकचा पेशंट वर येत होता. अशा पेशंटचं घड्याळ दारातून आत आल्यापासून चालू होतं, 90 मिनिटांच्या आत बंद रक्तवाहिनीत फुगा फुगलेला हवा. ठरलेली तिसरी केस बाहेर थांबवली. तिच्यासाठी मांडलेल्या ट्रॉलीवर सिस्टरने निर्जंतुक हिरवा कपडा पांघरला आणि ट्रॉली भिंतीकडे सरकवली. मी बघितलं, पण त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही.

तो पेशंट वाचला. त्यानंतर फरशी पुसून, टेबल आवरून तिसरी केस आत यायला एक वाजत आला. साठीच्या बाई होत्या, माझ्या हजेरीला त्यांनी सकाळीच होकार दिला होता. हिरवा कपडा निघाला, शीथ मांडीत गेलं, डायलेटर बाहेर आला, आणि झडपेच्या मधोमध रक्ताचा एक मणी उभा राहिला. तो फुटून ओघळला, मागून दुसरा. डॉक्टरांनी अंगठा ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "या, जवळून बघा."

कॅथेटर घातला तसं गळणं थांबलं. बदलण्यासाठी काढला, आत फक्त तार राहिली, की पुन्हा सुरू. माझं डोकं तिथंच अडकलं. कॅथेटर 2 मिलिमीटरचा, तार 0.89ची. चीर फाटलेली असती तर कॅथेटरलाही गळली असती. ही चीर फाटलेली नव्हती, ती 2 मिलिमीटरच्या गोल आकारात उघडी राहिली होती. तिला मिटायचं विसरायला झालं होतं.

वापीला खोली घेऊन एकटा राहायचो तेव्हाची गोष्ट आठवली. मी कुकर धुऊन झाकण घट्ट लावून ठेवायचो. आई आली की ओरडायची, "रिंग काढून ठेव रे, दाबून ठेवलीस की बसते ती. मग शिट्टी होत नाही." आमच्या पाकिटातही डायलेटर शीथच्या आत नसतो, शेजारी वेगळा ठेवतो, तो याच कारणासाठी. स्टरिलायझेशनची ऊब आणि गोदामातले महिने रबराने दांडी चावून काढले तर ते बसणारच.

केस संपल्यावर विचारलं, "सिस्टर, डायलेटर आत कधी घालता?"

"सकाळीच. ट्रॉली लावतानाच फ्लश करून, घालून, लॉक करून ठेवते. आयत्या वेळी धावपळ नको."

"म्हणजे ह्या केसला?"

तिने घड्याळाकडे बघितलं. "साडेनऊला लावला असेल."

साडेतीन तास. बाकीची हॉस्पिटलं पाकीट फोडतात आणि पाच मिनिटांत शीथ पेशंटमध्ये असतं. इथं सिस्टर नीटनेटकी, म्हणून चार पावलं पुढं. तिच्या टापटिपीनेच आमचा दोष पकडला होता. आणि परत आलेली चार शीथं पास का झाली, तेही उलगडलं. माझ्याकडे पोहोचेपर्यंत त्यांनी तीन आठवडे मोकळ्या हवेत आराम केला होता, रबर हळूहळू पूर्ववत झालं होतं. मी दर वेळी बरा झालेला पेशंट तपासत होतो.

पण आईच्या कुकरवर कारखान्यात कोणी विश्वास ठेवत नाही. सेल्सच्या मुलाच्या बॅगेत डेमोची शीथं होती, त्याच मालातली. मागच्या खोलीत एका शीथमध्ये डायलेटर लॉक करून ठेवला, दुसऱ्यात नाही, आणि कँटीनमध्ये जाऊन थंड साबुदाणा वडा खाल्ला. सव्वाचारला परत येऊन दोन्हींची टोकं आर्टरी फोर्सेप्सने बंद केली. सलाइनची पिशवी प्रेशर बॅगमध्ये घालून 300वर फुगवली. हे साधन प्रत्येक कॅथलॅबमध्ये पडलेलं असतं आणि त्याचा दाब आमच्या टेस्ट बेंचपेक्षा थोडा जास्तच. बाजूच्या नळीला जोडलं, दोन्हींत तार घातली, कॉक उघडला.

डायलेटर न घातलेलं कोरडं. दुसऱ्यातून सलाइन टपटपायला लागलं. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. थेंब मंदावत गेले, सव्विसाव्या मिनिटाला शेवटचा पडला. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. "म्हणजे झडप चांगली आहे," ते म्हणाले, "फक्त पेशंटने अर्धा तास थांबायचं."

त्यावर मी काही बोललो नाही, कारण एव्हाना मला दुसरंच काही आठवलं होतं.

सिलिकॉन साच्यातून निघाल्यावर ओव्हनमध्ये 200 अंशांवर चार तास भाजायची जुनी पद्धत. साच्यात रबर घट्ट होतं, पण त्यातली जोडणी अर्धवट राहिलेली असते, ती ओव्हनमध्ये पुरी होते आणि उरलेसुरले हलके रेणू उडून जातात. अशा भाजलेल्या रबराला दाबून सोडलं की ते झटकन मूळपदावर येतं. आठ महिन्यांपूर्वी आम्ही सिलिकॉनचा नवा ग्रेड घेतला. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, भाजायची गरज नाही. आम्ही गळतीची चाचणी केली, कॅथेटर ओढायला लागणारा जोर मोजला, तारेवर दहा वेळा घालून-काढून पाहिलं. सगळं पास. डायलेटर आत ठेवून, थांबून, मग लगेच मोजायचं मात्र कोणाला सुचलं नाही. मानक ते मागत नाही, आणि आमच्या कागदावर डायलेटर आत राहायचा काळ होता एक मिनिट.

"आमच्या" कशाला म्हणू. तो एक मिनिट मीच लिहिला होता.

परतीच्या गाडीत बोरिवलीपर्यंत उभा होतो. क्वालिटीच्या बाईंना फोन करून सांगितलं, नव्या ग्रेडचा माल थांबवा, उद्या सकाळी सगळ्यांना बसवू. त्यांनी एकच विचारलं, "कोणी पेशंट?" नाही म्हटलं. आजच्या बाईंचं पाच-सात मिलिलिटर गेलं असेल, त्या वॉर्डमध्ये चहा पीत होत्या. हीच चकती मोठ्या मापाच्या शीथवर असती तर मला इतक्या सहज नाही म्हणता आलं नसतं.

मंगळवारी बदलाचा जुना फॉर्म काढला. खाली माझी सही. कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: "प्रति बॅच 4 तासांची बचत." मीटिंगमध्ये तो पडद्यावर लावला. कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. गेलेल्या मालासाठी हॉस्पिटलांना सूचना काढायची, उरलेला अडवून ठेवायचा, ओव्हन पुन्हा सुरू करायचा हे तासाभरात ठरलं. नव्या चाचणीवर मात्र दुपारपर्यंत भांडलो. डायलेटर किती तास आत ठेवून मोजायचं? कोणी म्हणे दोन, कोणी चार. मी म्हटलं आठ, सिस्टरची एक पाळी. उत्पादनवाल्यांनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी सिस्टरला फोन करून म्हटलं, तूर्त डायलेटर आधीपासून आत ठेवू नका, ऐन वेळी घाला.

"तूर्त म्हणजे कधीपर्यंत?"

"माल बदलून येईपर्यंत. महिना, सव्वा महिना."

"लवकर पाठवा हो सर," ती म्हणाली. "पंधरा वर्षांचा हात बसलाय माझा. सकाळी आपोआप घातला जातो."