कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या

आमच्याकडे बारशाला अजूनही पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात आणि बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देताना "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" असे म्हणतात. गेल्या काही वर्षांत मी ज्या बारशांना गेले, तिथे गोविंद आणि गोपाळ म्हणून या हातातून त्या हातात फिरलेली बाळे पाळण्यात पोहोचेपर्यंत विहान, रेयांश किंवा कियान झालेली होती. गोविंद कुणीच घेतला नव्हता.

यंदा माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला, तेव्हा आत्याचा हक्क बजावत मी आमच्या आजोबांचे नाव पुढे केले: सोपान. आमचे गाव पुरंदर तालुक्यातले. सासवडला कऱ्हेच्या काठी ज्ञानदेवांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी आहे, आषाढीला तिथून त्यांची पालखी पंढरपूरला निघते, आणि त्या टापूतल्या जुन्या माणसांत सोपान, निवृत्ती, ज्ञानदेव ही नावे सर्रास आढळतात. भावाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ताई, सोपान म्हणजे जिना. आणि शाळेत पहिल्याच दिवशी त्याचा सोप्या होईल."

जिन्याचे सोडून देऊ. ज्यांच्या घरी रेयांश आहे त्यांनी अर्थाचा आग्रह धरू नये, कारण नावांच्या याद्यांत या शब्दापुढे 'सूर्याचा अंश' असे लिहिलेले असले, तरी 'रेय' म्हणजे सूर्य असे सांगणारा संस्कृत कोश मला अजून सापडलेला नाही. कियान मुळात फारसी. विहान मात्र खरोखरच जुना, पहाटेसाठीचा शब्द आहे. भोजपुरीत सकाळीला 'बिहान' म्हणतात, त्याच घराण्यातला.

सोप्याची भीती मात्र खोटी नाही. मराठी माणूस नाव नुसते उच्चारत नाही, ते वाकवतो. गोविंदाचा गोंद्या, विठ्ठलाचा विठ्या, गणपतचा गणप्या होतो, आणि त्यातल्या काही नावांचे तर कायमचे नुकसान झालेले आहे. हवालदाराला 'पांडू' म्हणण्याची सवय लागल्यापासून पांडुरंग हे नाव शहरातल्या आईबापांनी जवळपास सोडून दिले, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक विनोदात मास्तरांना उलट उत्तर देणारा मुलगा गण्या किंवा बंड्याच असल्यामुळे गणेशाच्या नावालाही थोडा चटका बसला. पण नवी नावे यातून सुटतात असे समजणे भाबडेपणाचे आहे. रोहितचा रोहित्या आणि तेजसचा तेज्या मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची रीत तशी फार जुनी. पेशव्यांच्या घराण्यात बाळाजी विश्वनाथांचा नातू पुन्हा बाळाजीच, म्हणजे नानासाहेब. मात्र या रीतीत एक गमतीची अडचण होती. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, मग तेच नाव पोटच्या मुलाला ठेवल्यावर त्याला हाक कशी मारायची? म्हणून घरोघरी बाळ, नाना, अण्णा, आप्पा, भाऊ ही हाका मारायची नावे निघाली आणि खरे नाव कागदावर पडून राहिले, अशी माझी समजूत आहे. निदान हाकेचे नाव खऱ्या नावाला पार झाकून टाकू शकते, हे तर दिसतेच: १८५६ साली जन्मलेल्या टिळकांचे नाव केशव होते, पण देशाला माहीत झाला तो बाळ.

आमच्या आजीने तर या नियमाची कमाल केली होती. ती वारकरी, रोज हरिपाठ म्हणणारी, आणि नवऱ्याचे नाव सोपान. त्यामुळे निवृत्ती, ज्ञानदेव, मुक्ताबाई ही तीन नावे ती मोठ्याने म्हणायची आणि चौथ्याच्या जागी आवाज अगदी खाली नेऊन "सासवडचे देव" असे पुटपुटायची. लहानपणी आम्हाला वाटायचे की भावंडे तीनच होती आणि सासवडचा देव कोणी वेगळा होता. आजोबांचे नाव मी पहिल्यांदा नीट वाचले ते माळ्यावरच्या पितळी घंगाळावर, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले, त्यातला 'पा' चेपलेला. पुढे ते वडिलांच्या नावाच्या मधोमध काही वर्षे टिकले. आमच्या नावांच्या मधोमध वडिलांचे नाव आले आणि आजोबा कागदावरून संपले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावायचे ठरले, ही चांगलीच गोष्ट झाली, पण आजोबांसाठी या रचनेतही जागा नाही. ते नाव परत आणायचे असेल तर ते पहिल्या जागी, बाळाच्याच डोक्यावर ठेवावे लागते.

याचा अर्थ जुने ते सगळे परत यावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी ही नावे ज्या भीतीतून आली ती भीती आज आठवतही नाही. आधीची मुले जगली नाहीत की पुढच्या मुलाला मृत्यूने ढुंकूनही पाहू नये अशा बेताने दगडाचे, केराचे किंवा भिकेचे नाव द्यायचे. ही नावे कुठल्या एका जातीची नव्हती. महर्षी कर्वे हे धोंडो केशवच होते, आणि पुण्यात रोज ज्या गणपतीपुढे रांगा लागतात तो दगडूशेठांच्या नावाने ओळखला जातो, हे त्या रांगेतल्या किती जणांच्या मनात येत असेल कोण जाणे. पण दुसऱ्या एका प्रकारच्या नावांमागे भीतीच्या जागी तुच्छता होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि शूद्राचे 'जुगुप्सित', म्हणजे किळस वाटावी असे असावे, असे सरळ लिहिलेले आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरोघरी सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, गौतम ही नावे आली, तेव्हा कचऱ्याला आणि धोंड्याला मागे टाकणे हा त्या आईबापांचा स्वतःचा निर्णय होता. जुन्या नावांबद्दल गहिवरून बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे विसरू नये. ती नावे आम्ही परत मागण्याचा प्रश्नच येत नाही.

राहता राहिली काकांची नावे: सुरेश, रमेश, दिलीप, प्रकाश. ती आज कुणी ठेवणार नाही, कारण ती नावे ऐकली की बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. अजून चाळीसेक वर्षांनी कुणाची तरी पणती आपल्या मुलाला दिलीप म्हणेल आणि मैत्रिणी म्हणतील, किती वेगळे नाव! पणजोबांच्या नावांचा हा काळ आता आलेला दिसतो. माधव, राघव, केशव, श्रीधर ही नावे पुन्हा कानांवर पडू लागली आहेत. ज्यांत जोडाक्षरांची दाटी नाही आणि जी परदेशातल्या मास्तरांनाही दोन प्रयत्नांत म्हणता येतात, ती आधी परतणार, हे उघड आहे. दत्तात्रयाला बहुधा थांबावे लागेल.

भावाने शेवटी मल्हार ठरवले. मी हरले असे म्हणता येत नाही, कारण मल्हारही आमच्याच तालुक्यातला, जेजुरीचा. मल्ल दैत्याचा अरी तो मल्हारी, त्याचे हे रूप. बारशाला आलेल्या पुण्यातल्या पाहुण्यांना ते रागाचे नाव वाटले आणि एकीने वहिनीला "घरात गाणं आहे का?" असे विचारलेही. मी पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून मल्हार म्हटले, आणि दुसऱ्या कानात दुसरे नाव.

बारशाच्या आधी आहेरासाठी चांदीची वाटी घ्यायला गेले होते. दुकानातल्या मुलाने कोरायचे यंत्र हातात घेऊन विचारले, "नाव काय टाकू?" बाहेरच्या बाजूला 'चि. मल्हार' टाकून घेतले. मग वाटी पालथी केली आणि बुडाशी, जिथे भाऊ कधी पाहणार नाही आणि आई घासताना नक्की पाहील, तिथे लहान अक्षरांत 'सोपान' टाकायला सांगितले. चार दिवसांनी आईचा फोन आला. "वाटी मी पाहिली," एवढेच म्हणाली. नाव तिने घेतले नाही; सासऱ्यांचे ना.