मिक्सरखालचं लाल बटण

पाटोडी रस्सा करायचा म्हणून सुकं खोबरं आणि खसखस वाटायला घेतली आणि माझा मिक्सर एकदम मुका झाला. ऑक्टोबरातला शनिवार, संध्याकाळी चार जण जेवायला येणार. हा मिक्सर नागपूरहून साड्यांमध्ये गुंडाळून आणलेला, साडेसातशे वॅटचा. नेदरलँड्समध्येही आपल्यासारखीच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची वीज आहे. त्यामुळे आपल्या जाड गोल पिनांसाठी एक अॅडॉप्टर लावला की झालं. दोन वर्षं तो कुरकुर न करता चालला होता.

नागपुरात असते तर मिक्सर पिशवीत घालून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले असते. मोदी नंबरच्या गल्लीतल्या दुकानात काउंटरवर ठेवला असता. दुकानदारानं वरही न पाहता म्हटलं असतं, "ठेवून जा ताई, संध्याकाळी या." संध्याकाळी मिक्सर सुरू. काय झालं होतं, हे ना त्यानं सांगितलं असतं, ना मी विचारलं असतं.

इथे उट्रेख्तमध्ये असा माणूस सापडत नाही. मेकॅनिकला घरी बोलवायचं तर तो दारात उभा राहण्याचेच पैसे वेगळे. त्याला 'फोररायकोस्टेन' म्हणतात. त्या पैशांत आणखी थोडे घातले की नवा मिक्सर येतो, पण तो इथला, म्हणजे सूप नि स्मूदीपुरता. ओल्या चटणीचं एक वेळ ठीक, पण सुक्या खोबऱ्यापुढे तो हात टेकतो.

शेजारच्या डच आजींनी सांगितलं, पुढच्या शनिवारी वस्तीच्या सभागृहात 'रिपेअर कॅफे' आहे, तिथे ने. (त्या दिवशीचा रस्सा शेवटी खलबत्त्यावर झाला. पाहुण्यांना कौतुक, माझ्या मनगटाला नाही.) हा प्रकार इथलाच. मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी 18 ऑक्टोबर 2009 रोजी ॲमस्टरडॅममध्ये पहिला भरवला. आता जगभर असे दोन हजारांहून जास्त कॅफे आहेत. दुरुस्ती फुकट, हौशी माणसं करतात. वाटलं तर डब्यात काही टाकायचं. कॉफी मिळते.

आत शिरताच हातात फॉर्म. वस्तू कोणती, किती जुनी, बिघाड काय? मी लिहिलं, 'चालत नाही'. माझ्या वाट्याला आलेले आजोबा निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी ते दोन शब्द वाचले, हसले आणि त्यावर काट मारली.

मग चौकशी सुरू. काय वाटत होतीस? ओलं की सुकं? किती वेळ? हळूहळू मंदावला की एकदम थांबला? जळका वास आला का? मला वाटलं, हे मिक्सर तपासताहेत की माझी उलटतपासणी घेताहेत. सुकं होतं, मध्ये न थांबता चार-पाच मिनिटं, एकदम थांबला, वास नाही. त्यांनी मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेल्या बारक्या लाल बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कशाला असतं?"

मला माहीत नव्हतं. लहानपणापासून आईच्या प्रत्येक मिक्सरखाली ते पाहिलं, पुसलं, पण कधी विचारलं नाही. मोटरवर जास्त ताण आला की ते खटका टाकून वीज तोडतं, घरातल्या एमसीबीसारखं. मोटर थंड होऊ द्यायची आणि बटण दाबायचं. दाबलं. मिक्सर गुरगुरला. आठवडाभर जो मी मेलेला समजून कोपऱ्यात ठेवला होता, तो फक्त रुसला होता.

लाज वाटली ती वाटलीच, पण आजोबांनी सोडलं नाही. आता आणलाच आहेस तर, म्हणून पेचकस माझ्या हातात दिला. इथे ते स्वतः करून देत नाहीत, तुम्हाला शेजारी बसवून करून घेतात. तेव्हा दिसलं की कपलरचे, म्हणजे मोटरला भांड्याशी जोडणाऱ्या चकतीचे, दात झिजलेत. इथल्या कुठल्या दुकानात तो मिळणार! कोपऱ्यातल्या एका पोरानं माप घेऊन थ्रीडी प्रिंटरवर बनवून दिला. तो तीन आठवडे टिकला. खरा कपलर आईनं कुणाबरोबर तरी पाठवला, चिवड्याच्या पुड्यात खोचून.

मला त्या दिवशी चटका लागला तो त्या काट मारलेल्या दोन शब्दांचा. कारण नागपूरहून बाबांचा फोन यायचा तोही तसाच: "अगं, नेट येऊन नाही राहिलं." आणि मी इथून ठोकून द्यायचे, राऊटर बंद करून चालू करा. नाहीच झालं तर दोघंही चिडायचो.

मागच्या वर्षी तर कंटाळून बाबांनी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पलीकडचा अगदी गोड बोलला, एनीडेस्क, म्हणजे आपला फोन दुसऱ्याला दुरून पाहू देणारं अॅप, टाकायला लावलं आणि स्क्रीनवरचे आकडे वाचा म्हणाला. आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि फोन हातात घेऊन विचारलं, "भाऊ, आमचं कनेक्शन कोणत्या नावानं आहे, सांगता का?" त्यानं फोन कापला. थोडक्यात वाचलं. तेव्हापासून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय, आणि कंपनीचा नंबर फक्त बिलावरून पाहायचा असा घरचा नियम आहे.

रिपेअर कॅफेनंतर बाबांचा पुन्हा तसाच फोन आला तेव्हा मी विचारलं, राऊटरवर कोणता दिवा लागलाय, कोणत्या रंगाचा?

"लाल. एलओएस लिहिलंय."

म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी राऊटर शंभरदा बंद-चालू करा, उपयोग शून्य. बहुतेकदा बाहेर कुठे तरी खोदकामात केबल तुटलेली असते आणि ते कंपनीनंच जोडायचं असतं. पण मी विचारलं, घरात काही हललंय का? दिवाळीची सफाई झाली होती. आईनं शोकेस भिंतीला टेकवलं होतं आणि मागची बारीक केबल काटकोनात दुमडली होती. आत काचेचा धागा असतो, असं वळण त्यातल्या प्रकाशाला झेपत नाही. शोकेस पुढे ओढलं, लाल दिवा गेला.

बाबांना हे फारच आवडलं. त्यांनी जुनी डायरी काढली आणि रकाने आखले: तारीख, काय दिसलं, आवाज, वास. माणूस हिशेबनीस होता, सवय जात नाही. आता मला फोनवर नोंद वाचून दाखवतात.

एप्रिलमध्ये नोंद आली: "कूलर. पंप चालू. पंखा फिरून नाही राहिला. आवाज: हूं. वास: नाही. लाकडी पट्टीनं ढकलला तर फिरतो."

आधी पट्टीवरून मी चांगलीच रागावले. मग म्हटलं, बाबा, कपॅसिटर गेला असणार. मोटरला पहिला धक्का तोच देतो. प्लग काढा, पंख्याची मोटर काढून बर्डीला न्या, आणि दुकानात नुसतं 'बंद पडला' म्हणू नका, सगळं नीट सांगा.

बाबा डायरी घेऊनच गेले. तारखेपासून वासापर्यंत सगळं वाचून दाखवलं. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं, मोटर काउंटरच्या खाली सरकवली आणि म्हणाला, "ठेवून जा काकाजी, संध्याकाळी या."