सोलापूरचं रूम टेंपरेचर

केकच्या कुठल्याही कृतीत एक ओळ ठरलेली असते: ‘बटर रूम टेंपरेचरला आणा.’ खोली कुणाची, ते लिहीत नाहीत. त्यांच्या मनात असते विसेक अंशांची. आमच्या जुळे सोलापुरात एप्रिलमध्ये पारा सहज ४२ला टेकतो आणि बटर तर ३२ ते ३५ अंशांतच पातळ होतं. ओट्यावर ठेवून जरा फोन घ्यावा, तर वाटीत तूप.

म्हणून आमच्याकडे केकवर लावायच्या बटरक्रीमचा मोसम जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपासून होळीपर्यंत. तेही सकाळी, गॅस पेटायच्या आत.

साहित्य एवढंसं. १०० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम आयसिंग शुगर, चमचाभर दूध, थोडा व्हॅनिला. आठ-दहा कपकेक निघतात. आयसिंग शुगर नसेल तर घरची साखर मिक्सरमधून अगदी बारीक काढायची, गुठळ्या धरू नयेत म्हणून वर दोन चमचे कॉर्नफ्लोअर, आणि दोनदा चाळायची. इथे कंटाळा करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. साखर स्निग्धात विरघळत नाही. जी कण म्हणून आत गेली ती कण म्हणूनच दाताखाली येणार.

खरं काम फेटण्याचं. साखर घालण्याआधी नुसतं बटर पाच-सात मिनिटं फेटायचं. पिवळा रंग उतरत जातो आणि भांड्यात पांढरटसर, फुगलेलं काहीतरी दिसायला लागतं. ही सगळी हवेची किमया. बटरमधले चरबीचे बारीक स्फटिक हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. वितळलं की स्फटिक जातात आणि हवाही जाते. पातळ व्हायला लागलं तर घाबरायचं नाही, भांडं पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटायचं. फेटताना खाली बर्फाचं पाणी ठेवलं तर उत्तमच.

सासूबाई दारातून डोकावतात. “काय करालीस गं? लोणी-साखरच की ही!”

तसं पाहिलं तर खरंच. पण ताक घुसळून काढलेल्या घरच्या लोण्यात पाणी जास्त आणि अंगचा आंबूसपणाही असतो. त्याचं क्रीम फुटतं. ते कडक भाकरीवरच शोभतं.

पिवळ्या पाकिटातल्या बटरमध्ये मीठ असतं, म्हणून सगळे बिनमिठाचं आणायला सांगतात. मी निम्मं-निम्मं घेते. दुप्पट साखरेला तोंड देणारं काहीतरी हवं ना! त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचं अगदी बारीक कूट दोन चमचे घातलं, की सोलापूरच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

लहानपणी बेकरीच्या काचेच्या कपाटात केकवरचे गुलाबी गुलाब भर उन्हाळ्यातही ताठ असायचे. त्यात बहुधा वनस्पती तूप असायचं, ते बटरपेक्षा जास्त उष्णता सोसतं. खाल्ल्यावर टाळूला मात्र मेणचट थर बसायचा. तसं क्रीम करण्यापेक्षा न केलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे आमच्या घरात ज्यांचे वाढदिवस मे महिन्यात येतात त्यांना शिरा मिळतो. त्यात माझा मुलगाही आहे, आणि दर वर्षी तो एसीच्या खोलीत केक करायचा प्रस्ताव मांडतो.